जावयाची गिटार

श्रीपाद देवासच्या एका खासगी शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, आणि त्यातही ध्वनीचा धडा म्हणजे त्याचा हातखंडा. ट्यूनिंग फोर्क रबराच्या ठोकळ्यावर आपटून, तो कानाशी धरून तो जेव्हा म्हणतो, ‘‘बच्चों, फ्रीक्वेन्सी कभी झूठ नहीं बोलती,’’ तेव्हा मागच्या बाकावरची पेंगुळलेली पोरंसुद्धा मान वर करतात. फ्रीक्वेन्सी खोटं बोलत नाही, हे अगदी मान्य. पण श्रीपाद बोलायचा. सलग सहा वर्षं, दर दुसऱ्या रविवारी, स्वतःच्या घरच्या बैठकीत, चार माणसांदेखत तो सुराच्या बाबतीत धडधडीत लबाडी करत आला. आणि ती कशासाठी, तर जावयाला वाईट वाटू नये म्हणून.

त्यांच्या बँडचं नाव ‘व्हाया इंदूर’. देवासहून धारला जायचं तर इंदूर ओलांडावंच लागतं, आणि बँडातली अर्धी माणसं देवासची, अर्धी धारची. म्हणून हे नाव. श्रीपाद कीबोर्ड वाजवतो आणि गाणी रचतो. त्याची बायको माधवी आणि त्याची धाकटी बहीण ऋजुता, या नणंद-भावजया गातात. ऋजुताचे यजमान अजेयराव, म्हणजे घरचे जावई, गिटार वाजवतात. उरला नीलकंठ. तो देवासजवळच्याच सोनकच्छचा, मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो आणि ड्रम बडवतो. त्याचं या घराशी काही नातं नाही. त्यामुळे बँडात खरं बोलायची सोय असलेला तो एकटाच माणूस, पण त्याला सुरातलं काही कळत नाही. तालाच्या बाबतीत मात्र तो पक्का आहे, हे त्याच्या पदरात टाकायला हवं.

बँड निघाला कसा, तेही ऐकून ठेवा. ऋजुता सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन धारला गेली. अंतर ते कितीसं, सकाळी निघालं तर चहाला पोचावं एवढं. पण धार काय आणि देवास काय, दोन्ही घरं जुन्या दरबारी वळणाची. दरबार जाऊन पाऊणशे वर्षं होत आली, हत्ती गेले, पालख्या गेल्या, अदब तेवढी जशीच्या तशी राहिली. त्या अदबीत सुनेनं माहेरी जायचं म्हणजे काहीतरी कारण लागतं. राखी, दिवाळी, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. उगाच भावाची आठवण आली म्हणून जाणं, हे काही कारण नव्हे. दहा वर्षं श्रीपादनं कारणांची वाट पाहिली, आणि मग एक दिवस त्यानं स्वतःच एक कारण तयार केलं. जावयांना गिटारीचा नाद आहे हे त्याला ठाऊक होतं. ‘‘अजेयराव, आपण एक बँड काढू या,’’ तो म्हणाला. अजेयराव खुलले. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी त्यांची गाडी गिटार आणि ऋजुता घेऊन देवासला येऊ लागली. लोकांना वाटतं श्रीपादला संगीताचं वेड. आहेच ते. पण मुळात त्याला बहीण घरी यायला हवी होती.

आणि पहिल्याच रविवारी घोटाळा झाला.

जेवणं झाली होती. जावई घरी म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे दोन तासांची सुस्ती, म्हणून तालीम चार वाजता सुरू झाली. अजेयरावांनी गिटारीच्या तारेवर पहिला हात फिरवला आणि श्रीपादच्या कानात खडा गेला. गिटार उतरलेली होती, फार नाही, थोडीशीच. रस्त्याचे धक्के, ऊन, काहीही असेल. श्रीपादनं कीबोर्डवरचा एक सूर दाबून धरला आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाला, ‘‘अजेयराव, ती गिटार जरा...’’

‘‘श्रीपाद, आत ये पाहू.’’ कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सगुणाबाई, त्याच्या आई, कधी उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात कधी पोचल्या, कुणालाच कळलं नाही.

आत गेल्यावर त्या कुजबुजल्या. ‘‘काय सांगत होतास जावईबापूंना?’’

‘‘आई, गिटार उतरलीय त्यांची. मेळ नाही बसणार.’’

‘‘मग तुझी पेटी उतरव. तिला काय मान-अपमान आहे?’’

श्रीपादला ते मानावंच लागलं. कारण या घराला एक इतिहास होता. श्रीपादच्या आत्याच्या यजमानांना एकदा जेवताना कुणीतरी विचारलं होतं, ‘‘आमटी आवडली नाही वाटतं?’’ ते ताटावरून उठले नाहीत, काही बोलले नाहीत, दहीभात खाऊन सभ्यपणे घरी गेले. पण पुढची नऊ वर्षं त्यांनी या घराची पायरी चढली नाही. आणि ते येत नाहीत म्हटल्यावर आत्याही आली नाही. जावई रुसला तर एकटा रुसत नाही, लेकीलाही घेऊन जातो, हे श्रीपादनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता दहा वर्षं वाट पाहून मिळालेले रविवार तो सहा तारांपायी घालवणार होता का?

कीबोर्डात एक सोय असते. दोन बटणं दाबली की अख्ख्या वाद्याचा सूर केसभर वर किंवा खाली सरकवता येतो. श्रीपादनं बाहेर येऊन पिवळं फडकं घेतलं, कीबोर्ड पुसायच्या निमित्तानं वाकला, आणि फडक्याआडून सूर खाली सरकवला. मेळ बसला. सगुणाबाईंनी पुन्हा लसूण हाती घेतला.

त्यानंतर दर तालमीआधी कीबोर्ड पुसला जाऊ लागला. कधी गिटार जुळलेलीच असायची, कधी आणखी थोडी उतरलेली वाटायची. वाटली की श्रीपाद फडकं काढायचा आणि तिच्यापेक्षा किंचित जास्तच खाली जायचा, म्हणजे जावयांना शंकेलाही जागा नको. ‘‘किती हो स्वच्छता तुम्हाला,’’ माधवी म्हणायची. ‘‘घरातलं दुसरं काही कधी पुसताना दिसला नाहीत ते.’’

सहा वर्षांत सूर असा पायरी-पायरीनं खाली गेला. गंमत म्हणजे लोकांना ते आवडलं. गणपतीत, लग्नात, कॉलेजच्या संमेलनात ‘व्हाया इंदूर’ ऐकणारे म्हणत, यांच्या गाण्यात एक वेगळाच गारवा आहे. नीलकंठ तेच आपल्या भाषेत सांगायचा, ‘‘भिया, अपने गाने में नींद भोत अच्छी आवे.’’ आणि घरातल्या दोन्ही गायिका तर हवेत होत्या. वयाच्या चाळिशीत आवाज उतरतो म्हणतात, यांचा चढत चालला होता! जो वरचा सूर पूर्वी लावताना मानेच्या शिरा ताठायच्या, तो आता हसत-हसत लागायचा. ऋजुता याचं श्रेय ज्येष्ठमधाला द्यायची आणि माधवी प्राणायामाला. दोघीही आपलं गुपित दुसरीला कळू देत नव्हत्या. नणंद-भावजयांचं बाकी छान होतं, पण इतकंही छान नव्हतं.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना इंदूरच्या एका स्टुडिओचं बोलावणं आलं. माळव्यातल्या नव्या-जुन्या बँडांचं एकेक गाणं रेकॉर्ड करून ती दिवाळीला एकत्र बाहेर काढायची होती. ‘व्हाया इंदूर’ला एका रविवारची सकाळ मिळाली, नऊ ते दोन. गाणं अर्थातच श्रीपादचं, ‘साडेसातची बस’. सहा वर्षांतलं सगळ्यात जुनं आणि त्याचं सगळ्यात लाडकं. मुखडा असा:

साडेसातची बस निघाली, खिडकीपाशी कोण?
रुमाल नाही हलवला, हातात होता फोन.

गमतीचं गाणं आहे, लोक टाळ्या वाजवत ऐकतात. बसमध्ये बसून कोण निघालंय हे गाण्यात कुठं सांगितलेलं नाही. श्रोते समजतात, असेल कुणी प्रेयसी. श्रीपादनं कधी कुणाचा समज दुरुस्त केला नाही.

स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मध्ये काच. काचेपलीकडे मशीनवर गुड्डी नावाची चोवीस वर्षांची मुलगी बसली होती. तिला ना सासर ना माहेर, ना कुणाच्या घरातला लसूण. ती फक्त कानांनी जगत होती. बँडनं गाणं वाजवून दाखवलं. गुड्डीनं पडद्याकडे पाहिलं, मग कान झाडल्यासारखं केलं, मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

‘‘सर, ये कौन सी पट्टी है?’’

‘‘काली चार,’’ श्रीपाद म्हणाला.

‘‘नहीं है, सर. काली भी नहीं है, सफेद भी नहीं है. दोनों के बीच में जो दरार रहती है ना, आप सब उसमें बैठे हो.’’ ती उठून आत आली. ‘‘वैसे बैठे मजे से हो, आपस में तो सब मिल रहा है. पर साढ़े ग्यारह बजे बांसुरीवाले भैया आ रहे हैं. बांसुरी तो बांस की है, वो खिसकती नहीं. आप लोगों को ऊपर आना पड़ेगा.’’

‘‘हां, हां, आ जाएंगे,’’ श्रीपाद घाईघाईनं म्हणाला. त्याचा हात फडक्याकडे गेला.

‘‘पहले ये तो देख लो कि नीचे था कौन. कोई एक नीचे गया है, बाकी उसके पीछे-पीछे गए हैं. मैं पोहे खाके आती हूं.’’ आणि ती पोरगी खरोखरच पोहे खायला निघून गेली. पाच माणसांच्या घरादाराला आग लावून कुणी इतक्या शांतपणे पोहे खायला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दार बंद झालं. स्टुडिओच्या भिंती आवाज शोषून घेणाऱ्या असतात, त्यामुळे तिथली शांतता जरा जास्तच शांत असते. नीलकंठ काठी बोटांत फिरवत सगळ्यांची तोंडं पाहत होता. माधवीनं नवऱ्याकडे पाहिलं. ऋजुतानंही भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग जमिनीकडे.

श्रीपादला सगळं स्वच्छ दिसत होतं. आता सांगितलं तर जावयाचा अपमान, तोही परक्या गावात, परक्या मुलीपुढे. अजेयराव काही बोलणार नाहीत. गिटार पेटीत ठेवतील, ‘येतो’ म्हणतील. मग राखी आणि दिवाळी. कदाचित नुसतीच राखी. आणि नाही सांगितलं तर बासरीवाला येणार, मेळ बसणार नाही, दोन वाजणार आणि गाणं राहून जाणार. गाणं गेलं तरी एक वेळ चालेल, असं त्यानं मनाशी ठरवलंसुद्धा. पण गुड्डी परत येऊन नाव घेऊन विचारणार होती, त्याचं काय?

त्यानं घसा साफ केला आणि मास्तर लोक अडचणीत आले की करतात तेच केलं. त्यानं धडा शिकवायला सुरुवात केली.

‘‘आता बघा, तापमान. थंडीत धातू आकुंचन पावतो, उन्हाळ्यात प्रसरण पावतो. धारची हवा वेगळी, देवासची वेगळी. मध्ये घाट. हवेचा दाब...’’

‘‘दादा,’’ अजेयराव म्हणाले.

‘‘म्हणजे दोष कुणाचाच नाही, अजेयराव. निसर्गाचा...’’

‘‘दादा, मला माफ करा.’’ अजेयराव उभे राहिले. सहा फुटी, भरदार मिशांचा माणूस, गळ्यात गिटार आणि दोन्ही हात जोडलेले. ‘‘आज बोलतोच. तुमचा कीबोर्ड खाली आहे.’’

श्रीपादनं कीबोर्डकडे पाहिलं.

‘‘पहिल्यापासून आहे. म्हणजे पहिल्या रविवारी माझीच गिटार उतरली होती, ते मला घरी गेल्यावर फोनवर तपासल्यावर समजलं. फार लाज वाटली. पुढच्या वेळी मी घरून चोख जुळवून आणली, आणि पाहतो तर तुमचा कीबोर्ड खाली! आता तुम्ही ऋजुताचे वडील भाऊ. तुम्हाला मी काय सांगणार? आमच्या बाबांनी लग्नाच्या आदल्या दिवशी समोर बसवून सांगितलं होतं, सासुरवाडीत ताटात पडेल ते आणि कानावर पडेल ते, दोन्हीला नाव ठेवायचं नाही. म्हणून मी दर वेळी हवा खायला म्हणून तुमच्या गॅलरीत जायचो आणि गिटार उतरवायचो. तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून दोन केस जास्तच उतरवायचो.’’

‘‘जास्तच?’’ श्रीपादचा आवाज चिरकला. ‘‘अहो, मीपण जास्तच उतरवत होतो!’’

‘‘तुम्ही कशाला?’’

‘‘तुमच्या गिटारीसाठी! तुम्ही गॅलरीतून आत यायचात, गिटार खाली, मग मी फडकं घ्यायचो...’’

‘‘आणि मला वाटायचं, कीबोर्ड म्हातारा झालाय, बिचाऱ्या दादांची नव्याची ऐपत... नाही, तसं नाही म्हणायचं मला...’’

पहिला हसला तो नीलकंठ. काठ्या टाकून, पोट धरून, स्टुलावरून पडायच्या बेतात. ‘‘मतलब दोनों जने पेले आप, पेले आप करते-करते तलघर में उतर गए! और छे साल से मैं सोच रिया हूं के मेरे कान में मैल है!’’

मग हसू फुटलं ते सगळ्यांनाच. अजेयरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. श्रीपादनं चक्क जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन हात मागे घेतला. जावयांनी तो हात धरून पुन्हा पाठीवर ठेवला. सहा वर्षं रविवार-रविवार एकत्र जेवलेले हे दोन पुरुष त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना भेटले म्हणायला हरकत नाही.

हसणं ओसरलं तेव्हा लक्षात आलं की दोन माणसं हसत नाहीत.

‘‘थांबा,’’ माधवी म्हणाली. ‘‘म्हणजे तो वरचा सूर?’’

ती नवऱ्याकडे वळली.

‘‘तो मी लावत नव्हते? तो खाली आला होता?’’

‘‘वहिनी, तुमचा एकटीचा नाही,’’ ऋजुता म्हणाली. ‘‘माझाही. आणि मी चार वर्षं ज्येष्ठमध चघळतेय. दातांचा रंग गेला माझ्या.’’

‘‘तरीच वन्सं तुमच्या पर्समध्ये ती डबी असते! मी मेली पहाटे उठून नाकपुड्या दाबते!’’ माधवीचा संताप खरा होता, पण बोलता-बोलता तिलाही हसू आवरेना. ‘‘आता एक सांगू का, वन्सं? आज सगळे बोलतायत म्हणून. ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही सोडतच नाही. मी श्वास घेऊन पुढच्या ओळीवर उभी असते, तुमचा आपला ‘फोऽऽऽन’ चालूच.’’

‘‘आणि वहिनी, तुम्ही ‘खिडकी’ला ‘खिरकी’ म्हणता. सहा वर्षं. मी म्हटलं, भावजय आहे, कसं टोकावं?’’

‘‘खिरकी? मी?’’

‘‘खिरकी,’’ अजेयराव आणि श्रीपाद एकदम म्हणाले.

आता बांध फुटला होता. नीलकंठला सांगण्यात आलं की तो झांज फार जोरात मारतो. ‘‘तो बोलना था नी, भिया,’’ तो म्हणाला, आणि त्यानं झांजेवर आपला रुमाल टाकला. झालं. एवढ्यात मिटणारी गोष्ट होती. दहा मिनिटांत त्या खोलीत जितकं खरं बोललं गेलं तितकं त्या दोन घराण्यांत मागच्या दोन पिढ्यांत बोललं गेलं नसेल. श्रीपाद मध्ये उभा राहून लग्नातल्या यजमानासारखा सगळ्यांकडे कौतुकानं पाहत होता. जावई रुसले नव्हते. बहीण जाणार नव्हती. त्याला वाटलं, सुटलो.

‘‘दादा,’’ अजेयराव म्हणाले, ‘‘आता बोलतोच आहोत, तर तो दुसरा अंतरा.’’

श्रीपादचा चेहरा तसाच हसरा राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

गाण्याचा दुसरा अंतरा हा श्रीपादच्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वात सुंदर मजकूर होता. मुखडा कसा, चालता-चालता सुचलेला. पण हा अंतरा त्यानं शब्दकोश उघडून, तीन आठवडे खपून लिहिला होता:

अनंताच्या पथावरती क्षणभंगुर हे स्थानक,
विरहाच्या या महासागरी मी एकाकी नाविक.

‘‘काय आहे त्याला?’’ त्यानं विचारलं.

मघाशी भडाभडा बोलणारी माणसं आता पुन्हा अदबीनं बूट पाहू लागली.

‘‘बसमध्ये नावाडी कुठून आला, असं मला नेहमी...’’ अजेयरावांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

‘‘मी तो अंतरा आला की रात्रीच्या भाजीचा विचार करते,’’ माधवी म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झालेली बायकोच इतकं स्वच्छ बोलू शकते.

‘‘मेरे को मराठी पूरी नी समझे,’’ नीलकंठ म्हणाला, ‘‘पर वो वाला आते ही हाथ सुस्त पड़ जावें.’’

श्रीपादला लागलं. खूप लागलं. गिटार काय, कीबोर्ड काय, ती शेवटी वाद्यं. हा अंतरा म्हणजे तो स्वतः होता. सहा वर्षं ही चार माणसं त्याच्या तोंडाकडे पाहून ते शब्द गात होती आणि मनात भाजी चिरत होती. त्याला क्षणभर वाटलं, सगुणाबाईंची पद्धतच बरी. कुणी कुणाला काही सांगू नये.

‘‘काढून टाका मग,’’ तो म्हणाला आणि कीबोर्डकडे वळला.

ऋजुता त्याच्याजवळ आली. लहानपणी ती अशीच यायची, तो रुसून माळ्याच्या शिडीवर बसला की खालच्या पायरीवर येऊन बसायची.

‘‘दादा, तुला त्यात म्हणायचं काय होतं?’’

‘‘लिहिलंय की.’’

‘‘ते नाविक-बिविक जाऊ दे. बस निघाली. पुढं काय झालं?’’

‘‘काही नाही. मी घरी आलो.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. जेवायला बसलो.’’ श्रीपाद कीबोर्डच्या पट्ट्यांकडे बघत बोलत होता. ‘‘मी ताटं घेतली. आई, माधवी, मी. आणि सवयीनं चौथं घेतलं. ते परत फळीवर ठेवायला गेलो तर हातातून निसटलं. आईनं विचारलं, काय पडलं रे? मी म्हटलं, काही नाही.’’ त्यानं कीबोर्डच्या कडेवरून बोट फिरवलं. ‘‘त्या वेळी तू इंदूरसुद्धा ओलांडलं नसशील.’’

माधवीला ती संध्याकाळ आठवत होती. ताट पडलेलं आठवत होतं. ते कशानं पडलं, हे तिला सोळा वर्षांनी कळत होतं.

‘‘हे लिही ना,’’ ऋजुता म्हणाली. ‘‘एवढंच.’’

‘‘हे काय काव्य आहे?’’

‘‘लिही तू, दादा.’’

गाण्याच्या कागदाच्या पाठीमागे श्रीपादनं पेन्सिलीनं लिहिलं. शब्दकोश लागला नाही, आणि वेळ म्हणाल तर अजेयरावांना गिटारीच्या सहा तारा वर चढवायला लागला तेवढाच. कीबोर्ड श्रीपादनं सगळ्यांदेखत, फडक्याशिवाय, मुळात जिथं होता तिथं नेला.

गुड्डी परत आली तेव्हा बासरीवालाही तिच्या मागोमाग आला. तिनं सूर ऐकला, पडद्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. कोण खाली होतं, हे तिनं विचारलं नाही. तिला त्यात काही रसच नव्हता, हे श्रीपादच्या आत्ता लक्षात आलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. सूर खरोखरच वर गेला होता. मुखड्यातल्या त्या सुराला माधवीच्या मानेची शीर ताठली, पण सूर लागला, आणि ‘खिडकी’ही खिडकीच राहिली. ऋजुतानं ‘फोन’ वेळेवर ठेवला. नीलकंठ रुमालावरून वाजवत होता. अजेयरावांच्या तारा अशा लख्ख लागत होत्या की हा माणूस इतका चांगला वाजवतो हे श्रीपादला पहिल्यांदाच ऐकू आलं. सहा वर्षं तो बिचारा स्वतःचं वाजवणं सोडून दुसऱ्याच्या मर्जीकडे कान लावून बसला होता.

मग दुसरा अंतरा आला. तो ऋजुता एकटीच गाणार होती.

घरी आलो, ताटं घेतली, मोजून घेतली चार;
एक परत ठेवताना मग आवाज झाला फार.

‘फार’ त्या वरच्या सुरावरच येत होतं. ऋजुतानं तो लावला, आणि लावता-लावता तिचा आवाज मध्येच फाटला. ती थांबली नाही. शेवटचा शब्द तिनं आपल्या जुन्या सवयीनं लांबवला, फाटलेला तसाच, आणि या वेळी माधवी पुढच्या ओळीवर घाई न करता तिच्यासाठी थांबून राहिली.

गाणं संपलं. काचेपलीकडून गुड्डीचा आवाज आला, ‘‘अच्छा है. दीदी की आवाज वहां थोड़ी टूटी, एक बार और ले लें? और सर, आपने आखिर में कुछ बजाया ही नहीं?’’

‘‘रहने दो,’’ अजेयराव म्हणाले. कुणाच्या वतीनं ते त्यांनी सांगितलं नाही.

गाणं दिवाळीत आलं. बरंच चाललं म्हणतात. दुसऱ्या अंतऱ्यानंतर कीबोर्ड एकदम बंद होतो आणि शेवटपर्यंत नुसती गिटार आणि बासरी राहते. ऐकणाऱ्यांना वाटतं, ती रचनाकाराची योजना आहे, आणि एकदोघांनी तसं श्रीपादला फोन करून कळवलंही. तो ‘‘हो, हो’’ म्हणतो. माधवी शेजारीच बसलेली असते. तिनं त्या वेळी समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पाहिलं होतं. श्रीपादचे दोन्ही हात चष्म्याखाली होते.